अठ्ठाविसावा दिवस

आमच्या कंपनीत सगळे बांधतात,
मी एकटी मोडते.
पंधरा सेंटिमीटरचा ठोकळा, सगळ्या बाजूंनी सारखा,
सातव्या दिवशी तीन, अठ्ठाविसाव्या दिवशी तीन.
यंत्राच्या जबड्यात ठेवायचा, दाब वाढवत न्यायचा,
डोळा काट्यावर, कान ठोकळ्याकडे:
फुटायच्या आधी तो बारीकसा खाकरतो.
नीट भरलेला असला
तर कडा गळून पडतात आणि आत उरतो डमरू.
वेडावाकडा फुटला, तर समजायचं
कुणीतरी घाई केली.

पंचविसावं वर्ष म्हणून खळदकर साहेबांनी
स्मरणिका काढायची ठरवली.
‘वैजयंताबाई, तुमचं शुद्धलेखन बरं आहे,’
म्हणून मजकूर माझ्या टेबलावर.

लिहिलं:
मुंढव्याच्या खालच्या अंगाला नवा पूल, नऊ गाळे,
दोनशे सत्तर मीटर.
शेवटचा गर्डर सहा मार्चला, पहाटे सव्वातीनला बसला.
भारचाचणीला वाळूचे आठ ट्रक
चोवीस तास एकाच गाळ्यावर उभे केले,
पूल नऊ मिलिमीटर वाकला,
ट्रक गेल्यावर आठ मिलिमीटर वर आला.
उरलेल्या एका मिलिमीटरला
स्मरणिकेत जागा नव्हती.

‘सामाजिक बांधिलकी’ या मथळ्याखाली वृक्षारोपण.
फोटोत फावड्यावर सात हात,
रोप एकच.

सातव्या खांबाचं लिहिलं नाही.
नऊशेला टिकायचे ते तिन्ही ठोकळे
सहाशे नव्वदच्या आसपास गेले.
मी आकडा लिहिला, सही केली.
खांबाची अख्खी टोपी फोडून काढली,
बावीस दिवस ब्रेकर धडधडत होता.
मुकादम गुरलिंगप्पा महिनाभर माझ्याशी बोलला नाही,
नंतर एकदा चहा ठेवून गेला,
साखर जास्त होती.

फुलाबाई रोकडे प्रयोगशाळेच्या दाराशी आली
ती भांडायला.
‘तुमच्या भरावानं आमचा घाट चिखलात गेला.
नदीच्या पाण्याचं सोडा, ते केव्हाच गेलं,
बोअरचं वापरतो.
पण उभं कुठं राहायचं?’
साहेब साइटवर. अर्ज कुणाकडे द्यायचा, मला ठाऊक नव्हतं.
तिची नजर माझ्या मागच्या ढिगावर गेली.
‘हे टाकूनच देता ना?’

तीन आठवडे तिची हातगाडी येत राहिली.
धड डमरू, अर्धे तुकडे, सगळं नेलं.
काय बांधतेय ते बघायला मी गेले नाही,
खरं तर टाळलंच.

स्मरणिका छापायला गेली त्या संध्याकाळी गेले.
पुलावरून पहिल्या रिक्षा चालल्या होत्या,
खाली सहा पायऱ्या, आडव्यातिडव्या,
प्रत्येक ठोकळ्यावर माझ्याच हातचा तैलरंग:
खांब दोन, चौदा जून. खांब पाच, तीन सप्टेंबर.
तारखांवर चादरी आपटत होत्या.
तिच्या स्वतःच्या जागेवर, पाण्याला लागून,
खांब सात, अकरा नोव्हेंबर.

‘हा नको होता घ्यायला,’ मी म्हटलं,
‘हा कच्चा निघाला.’
तिनं पाय रोवून दाखवला.
‘खरबरीत आहे. यावर मळ निघतो.
वर काय लिहिलंय?’
‘तारीख. कुणाचा ठोकळा ते विसरू नये म्हणून.’
‘मग आमच्यासारखंच की.
माझी सासू बिब्ब्यानं खूण घालायची कपड्याला,
धुऊन धुऊन कापड विरायचं,
खूण जायची नाही.’

मी विचारलं, पूल कसा वाटतो.
तिनं वर बघितलं,
पुलाची सावली दुपारी तीनपर्यंत वाळवणावर येते म्हणाली,
चादरी आता पलीकडे टाकाव्या लागतात.
मग पिळा धरायला दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

उद्या नव्या कामाच्या तीन ठोकळ्यांचा
अठ्ठाविसावा दिवस.
टाकीत बुडालेत अजून, गप्प.